भट्टीत जे पास झालं तेच भिंतीत आहे का: अणुवीज केंद्राचं फायर बॅरिअर नियामकाच्या नजरेनं कसं तपासायचं

नागपुरात फायरचं शिकणाऱ्या पोरांची कमी नाही, पाम रोडवरचं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज १९५७ पासून इथेच आहे, त्यात कोराडी-खापरखेड्याच्या शटडाऊनमध्ये केबल गॅलरीत भिंतीतली भोकं सील करायची कामं केलेले सुपरवायझर वेगळेच. यातल्या कोणाला तारापूर, काकरापार नाहीतर रावतभाट्याच्या साइटवर फायर बॅरिअरच्या, म्हणजे आग अडवणाऱ्या भिंती, दारं, सील यांच्या कामासाठी जायचं ठरलं की फोनवर पहिला प्रश्न हाच येतो, भाऊ, तिथे एईआरबीवाले, म्हणजे अणुऊर्जेचे नियामक, आले की नेमकं काय बघतात? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, कामाला लागणारे वाचतील आणि ज्यांना नुसती उत्सुकता आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही.

एका ओळीत उत्तर हवं असेल तर ते असं की टेस्टच्या भट्टीत जाळून जे पास झालं तेच, तसंच, तेवढ्याच जाडीचं इथे भिंतीत बसलंय का, आणि बसल्यावर कोणी त्याला हात लावलाय का, एवढं ते बघतात. बाकी सगळे फॉर्म, रजिस्टर, ड्रॉइंग याच प्रश्नाभोवती फिरतात.

आता हे एवढं महत्त्वाचं काऊन, ते आधी समजून घ्या, नाहीतर तपासणी म्हणजे नुसती टिकमार्क होऊन जाते. साध्या बिल्डिंगमध्ये बॅरिअर असतं ते माणसं बाहेर निघेपर्यंत आग अडवायला. अणुवीज केंद्रात तेवढ्यानं भागत नाही, कारण रिॲक्टर बंद केला तरी इंधनातली उष्णता लगेच थांबत नाही, बंद केल्याक्षणी पूर्ण पॉवरच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते आणि मग ती हळूहळू उतरते. आपल्याकडच्या २२० मेगावॉटच्या युनिटमध्ये उष्णतेचा आकडा विजेच्या तिपटीहून जास्त असतो, म्हणजे बंद झालेल्या युनिटमधूनही सुरुवातीला चाळीस-पन्नास मेगावॉट उष्णता काढत राहावी लागते. ते पंप, ते व्हॉल्व्ह, त्यांची वीज, त्यांचे सिग्नल हे सगळं केबलवर चालतं. म्हणून सगळं दोन-दोन, कुठे त्याहून जास्त सेटमध्ये ठेवतात, त्याला ट्रेन म्हणतात, आणि बॅरिअरचं काम एवढंच की एका ट्रेनची आग दुसऱ्या ट्रेनच्या केबलपर्यंत जाऊ द्यायची नाही. दोन्ही ट्रेनच्या केबल एकाच आगीत गेल्या तर तुमच्याकडे कितीही पंप असले तरी ते उभे राहतात पाहत.

हे आपल्याच देशात होऊन गेलंय. ३१ मार्च १९९३, नरोरा, उत्तर प्रदेश, पहाटे साडेतीनचा सुमार. टर्बाइनच्या लो प्रेशर भागातल्या शेवटच्या टप्प्याची दोन पाती तुटली, मशीन भयंकर हादरलं, जनरेटरचे सील गेले, थंडाव्यासाठी भरलेला हायड्रोजन बाहेर आला आणि पेटला, मग तेल पेटलं, आणि तिथून आग केबलवर चढली. यापुढचा भाग आपल्या विषयाचा आहे. केबल भिंतीतून जिथे पलीकडे जात होत्या तिथलं सील आग अडवायला पुरलं नाही आणि वेगवेगळ्या ट्रेनच्या पॉवर केबल हव्या तेवढ्या वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या, त्यामुळे काही मिनिटांत स्टेशनची सगळी वीज गेली आणि सुमारे १७ तास आली नाही. मोठी आग तशी दीड तासात आटोक्यात आली होती बरं का, पण केबल तोवर गेल्या होत्या. कंट्रोल रूममध्ये धूर शिरला, लोकांना बाहेर पडावं लागलं. ऑपरेटरांनी रिॲक्टर ट्रिप केला होता, वरून खात्रीसाठी बॅटरीचे दिवे घेऊन ते वर चढले आणि हातानं व्हॉल्व्ह उघडून रिॲक्टर बंदच ठेवणारं बोरॉनचं द्रावण सोडलं, आणि आग विझवायच्या डिझेल पंपांचं पाणी स्टीम जनरेटरला देऊन उष्णता काढली. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. आंतरराष्ट्रीय स्केलवर घटना लेव्हल ३ ला धरली गेली. त्या लोकांच्या हिमतीला सलाम, पण तुम्ही तपासणारे असाल तर तुमची नजर त्या केबलच्या भोकावर थांबली पाहिजे.

याच्या १८ वर्षं आधी, २२ मार्च १९७५ ला, अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरीला जवळजवळ हाच धडा मिळाला होता. केबल स्प्रेडिंग रूमच्या, म्हणजे कंट्रोल रूमच्या केबल जिथून फुटतात त्या खोलीच्या, भिंतीत नवीन केबल टाकून भोक पॉलियुरेथेन फोमनं बुजवत होते, आणि हवा गळते का बघायला चक्क पेटती मेणबत्ती धरली, ज्योत ओढली गेली की समजायचं गळती आहे. ज्योत ओढली गेली ती फोममध्ये. आग भिंतीपलीकडे रिॲक्टर बिल्डिंगमध्ये गेली, सुमारे सात तास चालली, सोळाशेच्या वर केबल खराब झाल्या. केबलवर पाणी मारायचं की नाही यावर बराच वेळ घोळ झाला, शेवटी पाणी मारलं तेव्हाच ती विझली. यातून अमेरिकेच्या एनआरसीनं, म्हणजे तिथल्या अणुनियामकानं, १९८० मध्ये अपेंडिक्स आर नावाचा नियम आणला, आणि त्याचे तीन पर्याय आजही पाठ करण्यासारखे आहेत: दोन ट्रेनच्या मधे ३ तासांचं बॅरिअर, नाहीतर २० फूट आडवं अंतर ज्याच्या मधे जळणारं काहीही नाही आणि सोबत डिटेक्टर व ऑटोमॅटिक विझवण्याची सोय, नाहीतर १ तासाचं बॅरिअर आणि त्याच्यासोबत पुन्हा डिटेक्टर व ऑटोमॅटिक सोय. २००४ पासून तिथे जोखमीच्या हिशोबावर आधारलेला एनएफपीए ८०५ या स्टँडर्डचा दुसरा रस्ताही खुला आहे.

आपल्याकडे नियामक म्हणजे एईआरबी, अणुऊर्जा नियामक परिषद, १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालेली, ऑफिस मुंबईला अणुशक्तीनगरमध्ये नियामक भवनात. नरोऱ्यानंतर १९९६ मध्ये त्यांचं अणु-प्रतिष्ठानांच्या अग्निसुरक्षेचं स्टँडर्ड आलं, २०१० मध्ये ते सुधारलं, आणि १९९९ मध्ये पीएचडब्ल्यूआर, म्हणजे दाबाखालच्या जड पाण्याच्या रिॲक्टरच्या, केंद्रांसाठी डी-४ नावाची फायर प्रोटेक्शनची गाइड आली. कामाला जायच्या आधी ही दोन कागदं वाचून जा, सेफ्टी क्लासच्या नोट्स वाचून जाऊ नका. मूळ कागदात शब्द काय आहे, "असलं पाहिजे" म्हटलंय की "असावं" म्हटलंय, यावरच साइटवर अर्धे वाद होत राहतात.

आधी कागद, मग टॉर्च

भिंतीजवळ जायच्या आधी टेबलवर बसायचं. मागायचं काय? फायर झोनचं ड्रॉइंग, ज्यात कोणती भिंत किती तासांची ते रंगवलेलं असतं. पेनिट्रेशनची यादी, म्हणजे प्रत्येक भोकाचा टॅग नंबर, मोजमाप, आतून काय जातं, कोणत्या प्रकारचं सील. त्या सीलचा टेस्ट रिपोर्ट. आणि गेल्या काही वर्षांत त्या भागात झालेल्या मॉडिफिकेशनची यादी, जी लोक द्यायला थोडं का-कू करतात आणि जी सगळ्यात कामाची असते.

टेस्ट रिपोर्ट हा इथला खरा मालमसाला आहे, त्यामुळे थोडं थांबून सांगतो. "३ तासांचं मटेरिअल" असं काही नसतं. सेल्समन म्हणतो, डब्यावर छापलेलं असतं, पण रेटिंग मिळतं ते पूर्ण जोडणीला, म्हणजे एवढ्या जाडीच्या भिंतीत, एवढ्या मोठ्या भोकात, एवढ्या केबल भरून, एवढ्या खोलीचं सील, अशा आधारावर बसवून भट्टीला लावलं तेव्हा ते एवढा वेळ टिकलं. भट्टीचं तापमान ठरलेल्या वक्राप्रमाणे चढवतात, आयएसओ ८३४ चा वक्र घेतला तर एक तासाला सुमारे ९४५ अंश आणि तीन तासांना ११०० च्या वर. पलीकडच्या, म्हणजे थंड बाजूला ज्वाळा निघता कामा नये आणि तापमान सुरुवातीपेक्षा सरासरी १४० अंशांहून जास्त चढता कामा नये, एखाद्या ठिकाणी फार तर १८०. अमेरिकेत वरून पाण्याचा जोरदार फवाराही मारून बघतात. भोकातून जाणाऱ्या सीलच्या टेस्टसाठी आपल्याकडे आयएस १२४५८ आहे, आणि रुडकीच्या सीबीआरआयमध्ये, म्हणजे केंद्रीय भवन संशोधन संस्थेत, आगीच्या टेस्टची प्रयोगशाळा आहे.

म्हणून रिपोर्ट हातात आला की शेवटच्या पानावरचं "पास" वाचून खाली ठेवू नका. भट्टीत लावलेलं भोक किती मोठं होतं? तुमच्या साइटचं त्याहून मोठं आहे का? टेस्टमध्ये केबलनं किती टक्के जागा भरली होती? तांब्याच्या जाड पॉवर केबल होत्या की बारीक कंट्रोल केबल, कारण तांबं उष्णता पलीकडे नेतं आणि जाड केबल जास्त नेते. सील दोन्हीकडून सारखं आहे की एकाच बाजूनं टेस्ट केलंय? फरक निघाला म्हणजे लगेच नापास असं नाही, पण त्या फरकाचं इंजिनिअरिंग मूल्यांकन लेखी असायला पाहिजे, कोणीतरी सही करून म्हटलेलं पाहिजे की हा फरक चालतो आणि अमुक कारणानं चालतो.

हा शहाणपणा अमेरिकेला महागात मिळाला. थर्मो-लॅग ३३०-१ नावाचं मटेरिअल ऐंशीच्या दशकात तिथल्या डझनावारी अणुभट्ट्यांमध्ये केबल ट्रेभोवती बसवलं गेलं, कागदावर १ तास, ३ तास. १९८९ मध्ये लुइझियानातल्या रिव्हर बेंड केंद्रानं रुंद ट्रेवर टेस्ट करून घेतली तर ते रेटिंगएवढं टिकलंच नाही. मग लक्षात येत गेलं की छोट्या नमुन्यांवरचे निकाल मोठ्या ट्रेला लावले होते, मटेरिअल स्वतःच जळू शकत होतं, आणि गुंडाळलेल्या केबल किती गरम होतात याचा हिशोबही शंकास्पद होता. १९९२ मध्ये एनआरसीला बुलेटिन काढावं लागलं आणि वर्षानुवर्षं तिथे फायर वॉचची, म्हणजे आगीवर नजर ठेवायची, माणसं फिरत राहिली. यात एनआरसीवरही टीका झाली की तुमच्याकडे आधीच इशारे आले होते, तुम्ही काय करत होते. त्यानंतरही २००५ मध्ये एनआरसीनं स्वतः हेमिक नावाच्या वेष्टनाची टेस्ट केली तर बाहेरचं कापड आगीत आकसलं, सांधे उघडले आणि एका तासाचं रेटिंग गेलं. पुरवठादाराचा कागद जसाच्या तसा मानायचा नाही, ही सवय नियामकाला पण लावून घ्यावी लागली.

भिंतीजवळ

आता साइटवर. टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारा) लावूनच, मोबाईल गेटवर, फोटो काढायचा असेल तर प्लांटच्या माणसाकडून परवानगीनं. हात लावायच्या आधी विचारा, कारण तिथलं एकच सील कधी आगीसाठी, कधी रेडिएशन शिल्डिंगसाठी, कधी पाणी किंवा हवेचा दाब अडवायला असतं आणि तुम्ही उगाच कोचलं तर तीन डिपार्टमेंट तुमच्या मागे लागतील.

भिंत नेहमी दोन्ही बाजूंनी बघायची. आळस येतो, पलीकडची खोली लांबून फिरून असते, पण एका बाजूनं चकाचक रंगवलेलं सील पलीकडून अर्धं रिकामं असू शकतं. एकानं पलीकडे टॉर्च मारायचा आणि दुसऱ्यानं इकडे लाइट कमी करून बघायचं, उजेड आला तर धूर पण येणार. (मेणबत्तीचं काय झालं ते वर वाचलंच.) सिलिकॉन फोमचं सील असेल तर कडेनं भिंतीपासून सुटलंय का, केबलभोवती आकसलंय का बघा. मॉर्टरचं असेल तर तडे आणि हादऱ्यानं निघालेले पोपडे. रॉकवूल आणि वरून कोटिंग असेल तर कोटिंगची जाडी, कारण कोटिंग पातळ मारून माल वाचवणं ही जुनी कला आहे. खोलीबद्दल शंका असेल तर प्लांटच्या माणसाकडून पातळ सळई घालून मोजून घ्या, ड्रॉइंगमधल्या आकड्याशी तिथल्या तिथे जुळवा.

आणि डब्यातून फुस्स करून मारायचा तो पीयू फोम. हा दिसला की थांबायचंच. बाजारात फायर रेटेडचे डबेही मिळतात, ते बारीक फटीसाठी टेस्ट केलेले असतात, वीतभर भोकासाठी नाही. साधा फोम तर जळणारा माल आहे. बहुतेक वेळा तो मूळ ठेकेदारानं मारलेला नसतोच, नंतर कोणी सीसीटीव्ही नाहीतर नेटवर्कची एक केबल टाकायला भोक पाडलेलं असतं आणि संध्याकाळी निघताना बुजवलेलं असतं. म्हणूनच मॉडिफिकेशनची यादी मागायला सांगितली. जुन्या काळ्या केबलांमध्ये एखादी चमकदार निळी-पिवळी केबल दिसली की ती भिंत कुठे ओलांडते ते हातातलं काम सोडून शोधा.

रिकाम्या कंड्युटकडे पण लक्ष ठेवा, "पुढे लागेल" म्हणून ठेवलेले पाइप दोन्ही तोंडांनी उघडे असतात आणि भिंतीभोवतीचं सील कितीही छान असलं तरी धूर पाइपच्या आतून सरळ पलीकडे.

दारं सोपी आहेत म्हणून लोक पटकन आटोपतात, पण सगळ्यात जास्त गडबड तिथेच. दार पूर्ण उघडा, सोडून द्या, आपोआप बंद होऊन लॅच लागला पाहिजे, नुसतं टेकलं तर चालत नाही. पंख्यांच्या दाबामुळे काही दारं शेवटचे दोन इंच बंदच होत नाहीत, तेव्हा पंखे चालू असताना बघा. बाजूची फट साधारण ३ मिलिमीटरच्या आसपास हवी. मे महिन्यात खालच्या फटीत पाचर नाहीतर वीट सापडणार म्हणजे सापडणार, उकाडा सगळीकडे सारखाच.

डॅम्पर म्हणजे हवेच्या डक्टमधलं आगीत बंद होणारं झाकण, त्यात वितळणारी कडी असते, बहुतेक ७२-७४ अंशांची, ती वितळली की पातं पडतं. कडीला कोणी रंग मारलाय का, पात्याच्या वाटेत वायर बांधलीय का बघा. आणि हा प्रश्न जरूर विचारा की हे डॅम्पर हवा वाहत असताना बंद होतं हे कधी तपासलं का, कारण पंखा बंद ठेवून पास झालेलं डॅम्पर चालू पंख्यात अर्ध्यावर अडकतं असा अनुभव आहे.

बॅरिअर उघडं असेल तेव्हा

काम चालू आहे म्हणून सील काढलंय, हा काही गुन्हा नाही. नियामक बघतो की काढल्याची नोंद आहे का, कधीपासून उघडं आहे, परत कधी बंद होणार, आणि तोवर पर्यायी बंदोबस्त काय. पर्यायी बंदोबस्त म्हणजे बहुतेक फायर वॉच, माणूस कुठे सतत उभा, कुठे तासातासाला चक्कर. इथे रजिस्टर बघायची एक पद्धत आहे: रजिस्टर बरोबर असतंच, २:००, ३:००, ४:०० सगळ्या सह्या एकाच पेनानं, तेव्हा त्याच रात्रीचा दाराच्या कार्डचा रेकॉर्ड मागा आणि शेजारी ठेवा. अमेरिकेत न मारलेल्या चकरांच्या सह्या केल्याची प्रकरणं रेकॉर्डवर आहेत. आणि वॉचवाल्या माणसाला दोन प्रश्न विचारा, आग दिसली तर पहिले कोणाला सांगशील, आणि तू नेमकं कोणतं भोक राखून राहिला? दुसऱ्याचं उत्तर नाही आलं तर त्याचा दोष नाही, त्याला सांगितलं कोणी नाही.

तीन महिन्यांसाठी उघडलेलं भोक तीन वर्षं उघडं असेल तर फायर वॉच कितीही इमानदार असो, ती एक वेगळी नोंद व्हायलाच पाहिजे, कारण माणूस बघून ओरडू शकतो, आग अडवू शकत नाही.

नोंद लिहिताना

"केबल गॅलरीत सील व्यवस्थित नाही, सुधारणा करावी" असं लिहिलं की प्लांटवाले उत्तर देतात "सुधारणा केली" आणि विषय संपतो. त्यापेक्षा असं लिहा (उदाहरण माझ्या मनाचं आहे): "अमुक टॅगचं पेनिट्रेशन, पूर्वेकडची ३ तासांची भिंत. ड्रॉइंगप्रमाणे सीलची खोली २५० मिमी, दक्षिण कोपऱ्यात मोजली तर ८० मिमी. दोन नवीन कंट्रोल केबलभोवती बोट जाईल एवढी फट. मॉडिफिकेशनच्या फाइलमध्ये सील परत भरल्याची नोंद नाही. भिंतीपलीकडे दुसऱ्या ट्रेनचा स्विचगिअर. फायर वॉच नव्हता." यात नियम काय, दिसलं काय, पुरावा काय आणि बिघडलं तर कोणाला धक्का, चारही आलं, आणि शेवटचं सगळ्यात वजनाचं, कारण तीच फट स्टोअर आणि जिन्याच्या मधल्या भिंतीत असती तर तिची लायकी वेगळी असती. एनआरसी यासाठीच हिरवा, पांढरा, पिवळा, लाल असे रंग देते, हिरवा म्हणजे जोखीम अगदी कमी. सगळंच लाल करून ठेवलं तर तुमचं कोणी ऐकत नाही.

आणि कारण विचारा. एक सील खराब निघालं तर तेवढं भरून घेऊन खूश होऊ नका, त्याच ठेकेदारानं त्याच शटडाऊनमध्ये भरलेली बाकीची सीलं कुठे आहेत त्याची यादी मागा.

ज्यांना साइटवर जायला मिळत नाही त्यांनी घरी बसून सराव करावा. एईआरबीच्या वेबसाइटवर कोड, गाइड आणि वार्षिक अहवाल मोफत आहेत. एनआरसीचे फायर इन्स्पेक्शनचे बरेच अहवाल तर त्यांच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुले आहेत, कोणत्याही एका केंद्राचा उचला, त्यातली एखादी बॅरिअरची नोंद वाचा आणि वरची चार कलमं त्यात सापडतात का पेन्सिलनं खुणा करा. मग त्याच केंद्राचा पुढचा अहवाल काढा आणि ती नोंद बंद करताना इन्स्पेक्टर पुन्हा भिंतीजवळ गेला होता की नुसतं उत्तर वाचून बंद केली, ते शोधा.